फोटोसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना : ५,२०० रुपयांचा धडा



"सर, फोटो एडिटिंगसाठी स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यावं?" शाळेचे फोटो, बातमीपत्रक आणि स्नेहसंमेलनाची कामं मी करतो, म्हणून हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. कधी शेजारच्या शाळेतले शिक्षक विचारतात, तर कधी मुलाच्या हट्टाने हैराण झालेले पालक. उत्तर देण्याआधी मी त्यांना माझी एक चूक सांगतो. ती चूक ५,२०० रुपयांची होती आणि ते पैसे माझे नव्हते, गावाचे होते. आज तीच गोष्ट तुम्हालाही सांगतो. शेवटी कोणतं कार्ड घ्यावं तेही सांगेन, पण आधी गोष्ट ऐका.

काम काय होतं?

आमची शाळा १९७४ साली दोन खोल्यांत सुरू झाली. २०२४ मध्ये तिला ५० वर्षं झाली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठरलं की घराघरांतून वर्गाचे जुने फोटो गोळा करायचे, ते कॉम्प्युटरवर दुरुस्त करायचे आणि त्यांचा एक अल्बम छापायचा. घरटी २०० रुपये वर्गणी ठरली. ६२ घरांनी दिली, म्हणजे १२,४०० रुपये जमले. ज्यांच्या घरात मजुरी हाच आधार आहे, त्यांनीही दिले. तुमची शाळा खेड्यात असेल, तर या २०० रुपयांचं वजन तुम्हाला वेगळं सांगायला नको.

फोटोंची अवस्था वाईट होती. काहींना वाळवी लागलेली, काही काचेला चिकटलेले, काहींवर चहाचे डाग. त्यात एक फोटो होता १९८८ च्या चौथीच्या वर्गाचा. तो घेऊन एक आजी स्वतः शाळेत आल्या. फोटो मधोमध दुमडलेला आणि घडीची रेघ नेमकी दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाच्या चेहऱ्यावरून गेलेली. अर्धं नाक आणि गालाचा तुकडा पार उडालेला. तो आजींचा मुलगा. आज तो हयात नाही. मोठेपणीचे दोन-तीन फोटो घरात आहेत, पण लहानपणचा हा एकच.

"गुरुजी, एवढं त्येचं त्वांड नीट करून द्या," आजी म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे.

गाडी कुठे अडली?

शाळेचा कॉम्प्युटर जुना. सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क. फोटो दुरुस्तीसाठी मी जिम्प वापरतो. ते मोफत आहे आणि शाळेच्या कामाला भरपूर पुरतं.

फोटो स्कॅन करताना मी उत्साहात स्कॅनर १,२०० डीपीआयवर लावला. जास्त म्हणजे चांगलं, असा सरळ हिशोब! मग एकावर एक चार थर घेऊन काम सुरू केलं. ब्रश फिरवला की आठ-दहा सेकंदांनी रेघ उमटायची. फाइल सेव्ह करायला चार मिनिटं. दोनदा कॉम्प्युटर असा थिजला की बटण दाबून बंद करावा लागला आणि तीन तासांचं काम पाण्यात गेलं. आजी बाजाराला जाता-येता शाळेच्या फाटकाशी थांबायच्या. "गुरुजी, झाला का वो फोटू?" त्यांना काय सांगणार? कॉम्प्युटर अडतोय म्हणून?

शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मी ही अडचण बोललो. कुणीतरी म्हणालं, "अहो, ग्राफिक्स कार्ड टाका, फोटोचं काम म्हटलं की कार्ड पाहिजेच." मला ते पटलं. ग्राफिक्स म्हणजे चित्र आणि फोटो म्हणजेही चित्र, मग कार्ड लागणारच की!

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर तालुक्याला गेलो. दुकानात विचारलं, "फोटो एडिटिंगसाठी स्वस्तातलं कार्ड कोणतं?" दुकानदार म्हणाले, "सर, हे २ जीबीचं आहे आणि हे ४ जीबीचं. चारवालं घ्या, डबल ताकद." ५,२०० रुपये मोजले, पावती घेतली आणि रविवारी सकाळी कार्ड बसवलं.

काय फरक पडला? काहीही नाही. ब्रशची रेघ तेवढ्याच वेळाने उमटत होती. सेव्ह व्हायला तीच चार मिनिटं. सोमवारी दुकानात गेलो, तर उत्तर मिळालं, "पाकीट फोडलंय सर, आता परत घेता येणार नाही." तेव्हा राग आला होता. आज वाटतं, चूक माझीही होती. मी "कार्ड कोणतं?" असं विचारलं, त्यांनी कार्ड दिलं. "माझं काम कुठे अडलंय?" हे मी त्यांना विचारलंच नाही. स्वतःलाही विचारलं नाही.

कार्ड झोपलंय, डिस्क धापा टाकतेय

त्याच आठवड्यात आमचा एक माजी विद्यार्थी सुट्टीला गावी आला होता. तंत्रनिकेतनात शिकतो. त्याला कॉम्प्युटर दाखवला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला नाही की काही उघडलं नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, "सर, आता तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी फक्त बघतो."

मी ब्रश फिरवला. पडद्यावर आकडे हलले. मेमरी ९६ टक्के. डिस्क १०० टक्के. ग्राफिक्स कार्ड २ टक्के.

"सर, कार्ड झोपलंय आणि डिस्क धापा टाकतेय," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं, ते आपल्या भाषेत असं. उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या शिक्षकाचं टेबल म्हणजे रॅम. शेजारच्या खोलीतलं कपाट म्हणजे हार्डडिस्क. टेबल मोठं असेल, तर सगळा गठ्ठा समोर मांडून तपासता येतो. टेबल लहान असेल, तर दर दोन पेपरांनंतर उठायचं, कपाट उघडायचं, हे ठेवायचं, ते आणायचं. शिक्षक कितीही हुशार असला, तरी त्याचा सगळा वेळ जाण्यायेण्यातच जाईल. माझ्या कॉम्प्युटरचं तेच होत होतं.

मग ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय? ते म्हणजे मैदानावरची कवायत. एक शिट्टी वाजली की शेकडो मुलं एकाच वेळी तीच कृती करतात. जीटीएक्स १६५० या साध्या कार्डातही ८९६ छोटी गणनायंत्रं असतात. लाखो ठिपक्यांवर एकच क्रिया एकदम करायची असेल, तर त्याच्यासारखा वेग नाही. पण सॉफ्टवेअरने शिट्टी वाजवायला हवी ना! जिम्प आपलं बहुतेक काम प्रोसेसरकडूनच करून घेतं. माझी मुलं मैदानात नुसती उभी होती.

हा हिशोब वर्गात करून पाहा

सातवीच्या वर्गाला मी हेच गणित घातलं. तुम्हीही घालून पाहा, मुलांना आवडतं.

फोटो ६ इंच बाय ८ इंच. स्कॅन १,२०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात १,२०० ठिपके.
६ × १,२०० = ७,२००
८ × १,२०० = ९,६००
७,२०० × ९,६०० = ६ कोटी ९१ लाख २० हजार ठिपके.
प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका थराला सुमारे २७६ एमबी. चार थर म्हणजे १,१०० एमबीच्या वर. शिवाय 'मागे घ्या' म्हटलं की जुनं चित्र परत यावं म्हणून साठवलेली माहिती वेगळी. ४ जीबीतले दोन-अडीच जीबी तर विंडोज आणि ब्राउझरनेच घेतलेले. राहिलं काय?

आता तोच फोटो ६०० डीपीआयवर घ्या. ३,६०० × ४,८०० = १ कोटी ७२ लाख ८० हजार ठिपके. थर फक्त ६९ एमबीचा. डीपीआय निम्मा केला, तर आकार निम्मा नाही, पाव होतो. एका मुलीने विचारलं, "सर, मग फोटो खराब दिसणार ना?" छान प्रश्न. छपाईला साधारण ३०० डीपीआय पुरतात, म्हणजे ६०० डीपीआयवर घेतलेला फोटो मूळ आकाराच्या दुप्पट लांबी-रुंदीचा छापला तरी चालतो. जुन्या कागदी फोटोत त्याहून बारीक तपशील सहसा नसतोच. वाढतात ते कागदाचे दाणे आणि धूळ.

एक रुपयाही न घालता काम चौपट हलकं झालं, ते असं. त्यानंतर ८ जीबीची रॅम घेतली, १,७०० रुपये. ५०० जीबीची एसएसडी घेतली, २,९०० रुपये. हे २०२४ मधले भाव आहेत. रॅमचे भाव सारखे खालीवर होतात, तेव्हा घेताना चौकशी करा. त्या मुलाने जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या एसएसडीवर उतरवून दिलं. चार मिनिटांचं सेव्ह पंधरा सेकंदांवर आलं.

मग कार्ड घ्यायचंच नाही का?

असं मी म्हणत नाही. कार्ड खरोखर उपयोगी पडतं अशी कामं आहेत. फोटोशॉपमधले काही फिल्टर आणि कॅमेरा रॉ कार्डाची मदत घेतात. लाइटरूममध्ये २०२३ साली एआयने फोटोतले दाणे काढायची सोय आली. तिथे चांगलं कार्ड असेल, तर मिनिटांचं काम सेकंदांत होतं. मोठा ४के मॉनिटर असेल किंवा व्हिडिओचं कामही असेल, तर कार्डाचा विचार जरूर करा. अडोबी फोटोशॉपसाठी किमान ८ जीबी आणि शक्यतो १६ जीबी रॅम सांगते, कार्डाची मेमरी मात्र किमान दीड जीबी आणि ४के मॉनिटरसाठी ४ जीबी. कशावर जास्त भर आहे, ते यातूनच कळतं.

कार्ड घ्यायचं ठरलंच, तर मी शिकलेल्या या गोष्टी लक्षात ठेवा.

१. नुसत्या जीबीवर जाऊ नका. कार्डावरची मेमरी कोणत्या जातीची आहे, ते पाहा. जीटी १०३० हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत आलं. जीडीडीआर५ प्रकारात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, तर डीडीआर४ प्रकारात १६.८ जीबी. नाव एक, वेग तिसऱ्या हिश्शाचा!

२. पिढी पाहा. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं अजून दुकानांत दिसतात, पण ती दहा वर्षांहून जुन्या रचनेची आहेत. त्यांच्यासाठी नव्या सुविधांचे ड्रायव्हर येणं २०२१ मध्येच थांबलं. जास्तीचा मॉनिटर जोडायला ठीक, फोटोच्या वेगासाठी नको.

३. वीज पाहा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. शाळेच्या साध्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर बहुधा नसते. म्हणून ७५ वॉटच्या आतलं कार्ड निवडा. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तो ७० वॉटचा आहे. त्याच नावाचा आधीचा ८ जीबी प्रकार १३० वॉटचा आहे, त्याला वेगळी वायर लागते. जीटीएक्स १६५० ही ७५ वॉटचं आहे, पण त्याच्या काही प्रकारांना वायर लागते, तेव्हा पाहून घ्या.

४. आपला मदरबोर्ड पाहा. आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचं, ४ जीबीचं कार्ड आहे, पण मदरबोर्डशी ते चारच मार्गिकांनी बोलतं. जुन्या बोर्डावर त्या मार्गिकांचा वेग निम्मा होतो. इंटेलचं आर्क ए३८० हे ६ जीबीचं कार्ड आहे, पण त्याला रिसायझेबल बार नावाची सोय लागते. जुन्या बोर्डांत ती सहसा नसते. शाळेच्या जुन्या यंत्रात ते घालू नका.

५. जागा आणि जोडणी पाहा. कॅबिनेट अरुंद असेल, तर कमी उंचीचं कार्ड लागतं. नव्या कार्डांना जुन्या निळ्या व्हीजीए वायरची जागा नसते, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतं. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर कार्डालाच जोडा. ती मदरबोर्डला तशीच ठेवून "कार्ड चालत नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

६. कार्ड घातलं म्हणून रंग सुधारत नाहीत. रंग दिसतात ते मॉनिटरवर. रंगीत फोटोंचं काम असेल, तर उरलेले पैसे चांगल्या आयपीएस मॉनिटरकडे वळवा.

थोडक्यात, खर्चाचा क्रम माझ्या मते असा : आधी रॅम, मग एसएसडी, मग मॉनिटर आणि शेवटी कार्ड. पण माझा क्रमही डोळे मिटून घेऊ नका. टास्क मॅनेजर उघडा, अर्धा तास आपलं नेहमीचं काम करा आणि कोणता आकडा शंभरला टेकतो, ते वहीत लिहा. पैसे तिथे घाला.

पालकांसाठी एक शब्द. लॅपटॉपच्या आत असं कार्ड नंतर बसवता येत नाही, हे आधीच माहीत असू द्या. आणि मुलगा "फोटो एडिटिंगसाठी" २५ हजारांचं कार्ड मागत असेल, तर रागावू नका. शेजारी बसून विचारा, "दाखव, कुठे अडतंय?" बऱ्याचदा उत्तर गेममध्ये अडतंय असं निघतं. तेही खरंखुरं कळलेलं बरं, नाही का?

हिशोब

पुढच्या बैठकीत मी समितीसमोर तिन्ही पावत्या ठेवल्या. कार्ड ५,२००, रॅम १,७००, एसएसडी २,९००. एकूण ९,८००. शिल्लक २,६००. एवढ्यात अल्बम छापून होणार नव्हता. "कार्डाची चूक माझी आहे, ते पैसे मी भरतो," असं सांगितलं. दोघा-तिघांनी "राहू द्या सर" म्हटलं, पण मी भरले. वर्गात मुलांना आपण म्हणतो ना, चुकलं तर खोडून पुन्हा लिहा. मग आपलं खोडताना लाज कसली? ७,८०० रुपयांत अल्बम आणि चौकटी दोन्ही झालं. ते कार्ड आता विज्ञानाच्या तासाला हातोहात फिरतं. मुलं त्याचा पंखा फिरवून पाहतात.

आणि आजींचा फोटो? चौकटीत घालून मी तो घरी घेऊन गेलो. उडालेलं अर्धं नाक मी उरलेल्या अर्ध्यावरून उलटं करून बसवलं होतं. गाल जुळवला होता. मला काम फार छान वाटत होतं. आजींनी फोटो पदराने पुसला, उजेडाला धरला आणि बराच वेळ पाहिला.

"समदं बरं हाय गुरुजी. पर तीळ कुठं गेला?"

नाकपुडीच्या खाली त्याला तीळ होता. फोटोचा तो तुकडाच उडालेला, मला कसं कळणार? मी विचारलं, "आजी, कुठल्या बाजूला?" त्यांनी स्वतःच्या नाकाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. म्हणजे फोटोत पाहताना तो आपल्या उजव्या हाताला येणार. परत शाळेत आलो आणि तीळ काढला. हिशोब करा : ४० मुलांच्या फोटोत एक चेहरा जेमतेम दीडशे ठिपके रुंद. तीळ म्हणजे फार तर चार ठिपके. पावणेदोन कोटी ठिपक्यांतले चार नाहीत, हे त्यांना घराच्या उंबऱ्यावर उभं राहून दिसलं.

आता एआयचे फिल्टर आले आहेत. ताकदवान कार्ड असेल, तर फाटलेला चेहरा ते क्षणात पुरा करून देतात. तो चेहरा देखणाही असतो. पण तो तीळ त्यात नसतो, कारण आजींना कुणी विचारलेलं नसतं. तेव्हा असं काम कराल, त्या दिवशी आधी घरच्यांशी बोला. काय उडालंय, ते त्यांनाच ठाऊक असतं.

दुसऱ्या छपाईचे ४० रुपये लागले. आजींनी ते देऊ केले, मी घेतले नाहीत. म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पाटीभर वाल घेऊन शाळेत आल्या.